मकपेलाचे शेत आणि कावेरीकाठचे घर

शास्त्रपाठ : उत्पत्ती २३, यिर्मया ३२:६-१५



नव्या घरात राहावयास जाताना पाळकाला बोलावून प्रार्थना करून घेण्याची आपल्या मंडळ्यांतील रीत मला फार आवडते. भिंतींना ओल्या रंगाचा वास येत असतो, विजेची जोडणी अर्धवट असते, मुले रिकाम्या खोल्यांतून आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकत धावत असतात. स्तोत्र वाचले जाते, खोलीखोलीतून प्रार्थना होते, गृहिणीच्या डोळ्यांत पाणी येते. तरीही इतक्या वर्षांच्या सेवेत एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. किल्ली हातात आल्यावर मला बोलावणारी कुटुंबे पुष्कळ भेटली. पण इसार देण्यापूर्वी, "पाळकसाहेब, हा व्यवहार प्रभूपुढे मांडू या, आणि हे कागदही जरा डोळ्यांखालून घाला," असे म्हणत आलेली कुटुंबे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. जणू देवाचा संबंध उंबरठ्याच्या आतल्या भागाशीच. जमीन, खत, किंमत, कर्ज हा सारा प्रांत दलालाचा आणि वकिलाचा!

पवित्र शास्त्राची समजूत मात्र तशी नाही. उत्पत्तीचा तेविसावा अध्याय आपण बहुधा अंत्यविधीच्या वेळी आठवतो, कारण त्यात सारेचा मृत्यू आहे. परंतु तो अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचावा. वीस ओव्यांच्या त्या अध्यायात सारेचा मृत्यू आणि अब्राहामाचा शोक ह्यांना दोनच ओव्या आहेत. उरलेला बहुतेक सर्व अध्याय म्हणजे जमीन-खरेदीचा वृत्तान्त आहे. ज्याला सारा देश देण्याचे अभिवचन देवाने दिले होते, त्या अब्राहामाने त्या देशात विकत घेतलेली पहिली जमीन ही पत्नीच्या कबरेची जागा होती! तोवर तो तंबूत राहिला. हित्ती लोक त्याला म्हणतात, हवी ती कबर घे, तुला कोणी नाही म्हणणार नाही. एफ्रोन तर सर्वांदेखत शेत फुकट देऊ करतो. अब्राहाम नम्रपणे लवतो, आणि नाकारतो. त्याला पूर्ण किंमत द्यावयाची आहे. मग एफ्रोन, तुमच्या-माझ्यात चारशे शेकेल म्हणजे काय मोठेसे, अशा सुरात किंमत सांगतो. (आजही काही विक्रेते ह्याच सुरात किंमत सांगतात, हे आपण अनुभवले असेल.) अब्राहाम घासाघीस करीत नाही, नगराच्या वेशीत, सर्वांच्या समक्ष, रुपे तोलून देतो. आणि मग शास्त्रलेखक एखाद्या दस्तलेखकाप्रमाणे नोंद करतो : शेत कोठले, कोणासमोरचे, त्यातील गुहा, आणि शेताच्या चतुःसीमेच्या आतील सर्व झाडे. आपल्याकडील जुन्या खरेदीखतांत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण असे सर्व लिहीत, त्याचीच आठवण व्हावी.

हा परका माणूस इतका काटेकोर का? फुकट मिळालेली जागा देणाऱ्याच्या मर्जीवर असते. देणारा मेला, त्याचा मुलगा फिरला, की ती कबरही आपली राहत नाही. परक्या देशात ज्याला पाय रोवावयाचे आहेत, त्याने दुसऱ्याच्या मेहेरबानीवर घर उभारू नये, हे अब्राहामाला ठाऊक होते.

ह्या अध्यायाचा हा अर्थ मला अभ्यासिकेत नव्हे, तर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उमगला. काही वर्षांपूर्वी तंजावरला जाण्याचा योग आला. मराठी माणसाला तंजावर परके वाटत नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य तेथे होते; सरस्वती महालात मराठी पोथ्या आहेत, दरबाराचे मोडी कागद आहेत, आणि मराठी बोलणारी जुनी घराणी आजही त्या शहरात आहेत. ख्रिस्ती माणसाला तर ते त्याहूनही जवळचे. शरफोजीराजांनी ज्यांना पित्यासमान मानले ते मिशनरी ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ ह्यांचे चर्च शिवगंगा बागेजवळ आहे. १७९८ मध्ये श्वार्ट्झ प्रभूमध्ये झोपी गेले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ राजाने इंग्लंडातील शिल्पकार फ्लॅक्समन ह्यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले : मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हाती घेतलेला हिंदू राजा.

ह्या श्वार्ट्झसाहेबांची एक हकीगत आपल्या विषयाशी संबंधित आहे, म्हणून सांगतो. हैदर अलीच्या स्वारीच्या दिवसांत तंजावरच्या किल्ल्यात अन्नधान्याचा दुष्काळ पडला. आसपासच्या खेड्यांत धान्य होते. पण शेतकरी ते आणून देईनात, कारण पूर्वी दिलेल्या मालाचे पैसे त्यांना मिळाले नव्हते. राजाच्या शब्दाला किंमत नव्हती, इंग्रजांच्या शब्दालाही नव्हती. श्वार्ट्झनी स्वतःच्या नावे पैसे देण्याचा शब्द दिला, तेव्हा बैल आले आणि धान्य आले. आणि त्यांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले. गावकऱ्यांनी त्यांचे प्रवचन किती ऐकले असेल कोण जाणे, पण त्यांचा हिशेब मात्र सर्वांनी पाहिला.

तंजावरहून मी पूर्वेकडे, तिरुवारूर-नागपट्टिणमच्या बाजूच्या खेड्यांत गेलो. नजर जाईल तेथवर भाताची खाचरे, मधून पाण्याचे पाट, बांधावर नारळ आणि केळी. त्या प्रदेशातील बड्या जमीनमालकांना 'मिरासदार' म्हणत. शब्द आपल्याच ओळखीचा. आणि गावाबाहेर, आपल्याकडील महारवाड्याप्रमाणे, 'चेरी'. तेथील शेतमजुराचे मातीचे, शाकारलेले खोपटे ज्या तुकड्यावर उभे असे, तो तुकडाही मालकाचाच असे. मजुरी थोडी वाढवून मागितली, संघटनेत नाव घातले, की मालक एवढेच म्हणे, "माझ्या जागेवरून ऊठ." शेताचे काम आणि डोक्यावरील छप्पर एकाच माणसाच्या हाती असले म्हणजे माणूस 'नाही' म्हणू शकत नाही. राहत्या जागेला तमिळ भाषेत 'कुडियिरुप्पु' म्हणतात. १९७१ मध्ये तमिळनाडू सरकारने कायदा करून अशा कुडियिरुप्पुची मालकी तेथे राहणाऱ्या शेतमजुरांना व कारागिरांना दिली.

परंतु तो कायदा येण्यापूर्वी काय घडले, तेही आपण ऐकले पाहिजे. कारण ते नाताळच्या रात्री घडले. २५ डिसेंबर १९६८. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील, आता नागपट्टिणम जिल्ह्यात असलेले कीळवेण्मणी हे गाव. भाताच्या मजुरीच्या वाढीवरून मालक आणि मजूर ह्यांच्यात तंटा पेटला होता. त्या रात्री दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला. पळू न शकलेल्या स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे एका खोपट्यात शिरली, आणि त्या खोपट्याला आग लावण्यात आली. चव्वेचाळीस जण जळून मेले. मालक असलेले आरोपी पुढे वरिष्ठ न्यायालयात सुटले. त्याच दिवशी देशभरच्या चर्चमध्ये, तुमच्या-माझ्याही चर्चमध्ये, मरीया आणि योसेफ ह्यांना उताराच्या घरी जागा मिळाली नाही, हे वचन वाचले गेले होते.

ह्या घटनेने हादरून तेथे राहावयास आलेल्यांत कृष्णम्माळ जगन्नाथन् होत्या. भूमिहीन दलित कुटुंबात १९२६ साली जन्मलेल्या ह्या बाई आणि त्यांचे पती विनोबांच्या भूदान चळवळीतील कार्यकर्ते. फुकट मागितलेली जमीन थोडी मिळते, आणि मिळते ती बहुधा नापीक, हे भूदानाच्या अनुभवातून दिसून आलेच होते. तेव्हा १९८१ मध्ये त्यांनी 'लाफ्टी' ही संस्था स्थापिली व वेगळी वाट धरली : मालकाशी वाटाघाट करावयाची, रास्त किंमत ठरवावयाची, बँकेचे कर्ज काढावयाचे, आणि जमीन भूमिहीन कुटुंबातील स्त्रीच्या नावे खरेदी करावयाची. अशा रीतीने सुमारे १३,००० एकर जमीन तितक्याच कुटुंबांच्या हाती आली. पुढे मातीच्या खोपट्यांच्या जागी विटांची घरे बांधण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. फुकट नको, किंमत देऊन हवे, आणि नोंदवून हवे : हा अब्राहामाचाच मार्ग नव्हे काय? त्या बाई ख्रिस्ती नाहीत. पण उत्पत्तीचा तेविसावा अध्याय त्यांनी आचरणात आणून दाखविला.

एका वस्तीत एका वृद्ध स्त्रीने पत्र्याच्या पेटीतून, लुगड्याच्या घडीखालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून मला दाखविला. तो त्यांच्या घराच्या जागेचा पट्टा होता. त्यांना वाचता येत नव्हते. मला तमिळ येत नव्हते. त्यांनी कागदावरील स्वतःच्या नावावर बोट ठेवले, आणि मग त्याच बोटाने जमिनीकडे दाखविले. बरोबरच्या बंधूंना भाषांतर करावे लागले नाही.

प्रिय वाचका, हे सर्व मी इतक्या विस्ताराने का सांगतो आहे, असे तुला वाटेल. तू तर पुण्याच्या उपनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट पाहतो आहेस, किंवा नगर, जालना, सोलापूर, बेळगाव येथे एखादा प्लॉट. पण क्षणभर थांबून मागे पाहा. तुझे आजोबा कोठे राहत होते? आपल्यातील बहुतेकांचे उत्तर एकच आहे : गावकुसाबाहेरच्या वाड्यात, अथवा मिशन कंपाउंडात, अथवा शाळेच्या, दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये. मिशनऱ्यांनी दिलेल्या त्या आसऱ्याबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. तरी निवृत्तीच्या दिवशी क्वार्टर रिकामी करावी लागली, तेव्हा आयुष्यभर सेवा केलेल्या शिक्षकाने आणि बायबलबाईने ट्रंक उचलून कोठे जावे, हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांनी सोसला आहे. तेव्हा तुझ्या कुटुंबातील पहिले खरेदीखत हे नुसते गुंतवणुकीचे कागद नव्हेत. ते तुझ्या घराण्याचे मकपेला आहे. म्हणूनच ते खत निर्मळ असावे, ह्याविषयी मला आस्था आहे.

निर्मळ खत म्हणजे काय, हे यिर्मयाकडून शिकावे. यरुशलेमेला शत्रूचा वेढा पडला आहे, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला अनाथोथ येथील शेत विकावयास येतो. सतरा शेकेल किंमत. यिर्मया लेख लिहितो, मोहोर करतो, साक्षीदार घेतो, तराजूत रुपे तोलतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही बारुखाच्या हवाली, मातीच्या भांड्यात, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. देशात पुन्हा घरे आणि शेते विकत घेतली जातील, ह्या देवाच्या वचनावर विश्वास ठेवणारा हा मनुष्य कागदपत्रांत यत्किंचितही ढिलाई करीत नाही. "आमचा प्रभूवर विश्वास आहे, वकील कशाला?" असे म्हणणाऱ्या भाबड्या भावांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

आज ती उघडी प्रत सरकारी दप्तरात असते, आणि ती पाहण्याचा हक्क तुला आहे. महाराष्ट्रात सातबारा, त्याचे जुने फेरफार, शहरात मालमत्ता पत्रक, आणि नोंदणी कार्यालयातील इंडेक्स टू. तंजावरकडे पट्टा, चिट्टा, आणि बोजा नसल्याचा दाखला, ज्याला ते 'विल्लंगम्' म्हणतात. नावे निराळी, प्रश्न तेच. विकणारा खरोखर मालक आहे काय? त्याच्या बहिणींच्या सह्या आहेत काय? आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असणारा वारसा कायदा १९२५ चा आहे, आणि त्यात मुलगा-मुलगी समान वारस आहेत. तरी "बहिणी काही म्हणणार नाहीत" ह्या एका वाक्यावर आपल्याकडे किती व्यवहार होतात! सलाफहादच्या मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या आणि देवाने त्यांचा हक्क मान्य केला, हे गणनेच्या पुस्तकात आहे. एका तरुण शिक्षक दांपत्याने असाच एक प्लॉट घेतला. पाया भरल्यावर विक्रेत्याच्या दोन बहिणी न्यायालयात गेल्या. सात वर्षे त्या पायावर गवत उगवले. दोष बहिणींचा नव्हता.

आणखी एक प्रश्न आहे, तो वकील विचारीलच असे नाही. पण ख्रिस्ती माणसाने विचारलाच पाहिजे. ही जमीन इतकी स्वस्त का? तमिळनाडूत १८९२ पासून दलितांना नेमून दिलेल्या 'पंचमी' जमिनी आहेत. त्या दलितेतरांना विकता येऊ नयेत अशी अट असूनही त्यांतील पुष्कळ इतरांच्या हाती गेल्या. कावेरीकाठी देवस्थानांच्या आणि मठांच्या जमिनी विस्तीर्ण आहेत. तेथे घर विकणाऱ्याचे असते पण खालची जमीन देवस्थानची, आणि ती सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. आपल्याकडे महार वतनाच्या व इतर इनाम जमिनी आहेत, सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते, आणि त्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अन् आपल्या चर्चच्या, मिशनच्या जमिनी? त्या सार्वजनिक न्यासाच्या असतील तर धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकल्या जाऊ शकत नाहीत. ज्या विश्वस्तांनी त्या गुपचूप विकल्या असतील, त्यांचा न्याय प्रभू करील. पण तशा जमिनीवर उठलेल्या इमारतीत स्वस्त मिळतो म्हणून फ्लॅट घेणाऱ्यानेही नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आठवावी. अहाबाने तर नाबोथाला हातही लावला नव्हता. तो पलंगावर तोंड फिरवून रुसून पडला होता, आणि पुढे आयता मळा ताब्यात घ्यावयास गेला होता. एलीयाने त्याला तेथेच गाठले.

म्हणून माझा एक साधा सल्ला आहे. जागा पसंत पडली की त्या जागेवर पूर्वी कोण राहत होते, कोण कसत होते, ते कोठे गेले, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचार. सरकारी दप्तरापेक्षा अधिक माहिती तेथे मिळते.

किमतीविषयीही बोलले पाहिजे, जरी हे लिहिताना काही वाचक नाराज होतील. "अर्धे पांढरे, अर्धे काळे" ही रीत इतकी रुळली आहे की भल्या माणसांनाही त्यात पाप दिसेनासे झाले आहे. खतात किंमत कमी लिहावयाची, उरलेली रोकड पिशवीतून द्यावयाची, आणि त्याच संध्याकाळी प्रार्थनेला मला बोलवावयाचे! अब्राहामाने रुपे वेशीत, सर्वांच्या कानांदेखत तोलून दिले. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. पण कायदा नसता तरीही, जो व्यवहार चारचौघांत वाचून दाखविता येत नाही, त्यावर आशीर्वाद मागताना माझी जीभ अडखळते. शिवाय व्यवहार मोडलाच, तर पिशवीतून दिलेल्या पैशांची पावती कोणाकडे मागणार?

कर्जाबाबत प्रभूने स्वतः हिशेब शिकविला आहे. बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा अंदाज करतो, असे त्याने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले. तेव्हा बस आणि हिशेब कर. वीस लाखांचे कर्ज, व्याज नऊ टक्के, मुदत वीस वर्षे : महिन्याचा हप्ता सुमारे अठरा हजार, आणि अखेरीस फेड सुमारे ४३ लाखांची. तेच पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे २०,३०० होतो आणि एकूण फेड साडेछत्तीस लाखांच्या आसपास येते. बँक किती देते हा प्रश्न नव्हे. बँक तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंतही देऊ शकते. घरात आजारपण आले, एकाची नोकरी गेली, तर दुसऱ्याच्या पगारात हप्ता आणि पोटभर जेवण दोन्ही निभेल काय, हा प्रश्न आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीची वर्गणी, दिवे-पंखे ह्यांचा हिशेब लोक विसरतात, आणि मग मंडळीतील भावाला जामीन राहावयास गळ घालतात. जामिनाविषयी नीतिसूत्रांत काय म्हटले आहे ते मी येथे लिहीत नाही. जे जामीन राहिले आहेत त्यांना ते पाठ आहे.

खतावर पत्नीचेही नाव घाला, ही माझी आग्रहाची विनंती. कावेरीकाठी स्त्रीच्या नावे झालेली जमीन दारूच्या गुत्त्यात किंवा सावकाराच्या वहीत सहजी गेली नाही. महाराष्ट्रात तर २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घेतलेल्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. आपल्याकडील भाऊ सवलतीसाठी का होईना, पण नीट विचार करतील अशी आशा बाळगतो.

आता खडकावरील आणि वाळूवरील घराचा दृष्टान्त. त्रिभुज प्रदेशातील ख्रिस्ती बांधव तो कसा वाचीत असतील, असा प्रश्न मला तेथे पडला. कारण तेथे खडकच नाही! कावेरीने आणलेला गाळ आणि वाळू, त्याखाली पुन्हा गाळ. १०१० साली पुरे झालेल्या बृहदीश्वराच्या देवळाचा दगडसुद्धा दुरून आणावा लागला. शिवाय तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. १६ नोव्हेंबर २०१८ च्या 'गज' वादळाने ह्याच भागातील नारळाच्या बागा आडव्या केल्या आणि असंख्य घरांची छपरे उडविली. एका स्थानिक पाळकांना मी हे विचारले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "म्हणून आम्ही मत्तयाऐवजी लूक वाचतो. लूकमध्ये तो मनुष्य खोल खणतो." मी घरी येऊन लूकचा सहावा अध्याय उघडला. खरेच, मत्तयात नसलेले ते खणणे लूकमध्ये आहे.

तेव्हा जागा उन्हाळ्यात पाहून ठरवू नका. तंजावरच्या रस्त्यांच्या कडेला भाताच्या खाचरांत रंगीत दगड रोवून, कमानी उभारून पाडलेले प्लॉट मी पाहिले. उन्हात ते फार देखणे दिसतात. पावसाळ्यात त्यांतील काहींना पुन्हा खाचरपण आठवते. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. अशा परवानगीवाचून पाडलेल्या प्लॉटांच्या नोंदणीवर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंदी घातली आणि हजारो सामान्य खरेदीदार अडकले. पुढील वर्षी नियमितीकरणाची योजना काढावी लागली. आपल्याकडे गुंठेवारीत अडकलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. म्हणून अकृषिक परवाना आणि मंजूर नकाशा पाहा. नवी इमारत असेल तर महारेराचा क्रमांक, आणि राहावयास जाण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र. हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. आणि भर पावसात एकदा छत्री घेऊन जागेवर उभे राहा.

ज्यांना आज घर घेणे शक्य नाही, त्यांनी हा लेख वाचून खिन्न होऊ नये. पौल रोम येथे दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला, आणि त्याच घरातून त्याने राज्याची घोषणा केली. आपल्या प्रभूला तर डोके टेकण्यासही ठिकाण नव्हते. मुलीच्या लग्नात कोणी "स्वतःचे घर आहे का?" असे खोचकपणे विचारले म्हणून घाईने कर्ज काढून वाळूवर घर घेऊ नका. मंडळीतील भाडेकरूकडे आपण ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेचाही हिशेब द्यावा लागेल, हे मात्र घरमालक भावांनी लक्षात ठेवावे.

तंजावरच्या शेवटच्या दिवशी मी भोसल्यांचा राजवाडा पाहिला. १८५५ मध्ये राजा निपुत्रिक वारल्यावर कंपनी सरकारने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. १८५९ मध्ये विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की हे राजसत्तेचे कृत्य आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही. दरबार हॉलच्या खांबांजवळ उभा असताना मला सारखी ती पत्र्याची पेटी आठवत होती.

तर माझी विनंती एवढीच आहे. पुढल्या वेळी मला किल्ली मिळाल्यावर नव्हे, तर इसार देण्याच्या आदल्या संध्याकाळी बोलवा. तोरण नको, केक नको. जमिनीचे कागद, पगाराचा दाखला, घरखर्चाची वही हे सर्व जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवा, आणि पती-पत्नी दोघेही बसा. मुलांनाही तेथेच असू द्या. आपण प्रार्थनेने आरंभ करू. येताना बायबलाबरोबर मी चष्माही घेऊन येईन. फेरफारांतील अक्षर फार बारीक असते.